सत्तावीस की वीस सात?

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक मुलांच्या दप्तरात गेलं आणि बघता बघता त्याच्यावरून राजकारण पेटलं. कारण एवढंच की एकवीस, बावीस, तेवीस या नावांच्या जोडीला वीस एक, वीस दोन, वीस तीन असं वाचनही त्यात छापलं होतं. वाहिन्यांवर चर्चा झडल्या. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, नवं वाचन सोबत दिलं आहे. पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसं कोणी नव्हतं. नारळीकरबाई २०२३च्या जुलैमध्ये गेल्या. वाद त्याआधीच विरला होता. दुसरीच्या वर्गातली अडचण मात्र आजही तशीच आहे.

खाली बोलणारे दोघेही प्राथमिक शिक्षक. मामा सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेले. पाढे म्हणून घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. भाची जत तालुक्याच्या पूर्व भागात द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिच्याकडे पहिली आणि दुसरी. बोलणं जसं झालं तसं देतो आहे, मधे मधे माझी लुडबूड आहे.

मामा : तू खरंच वर्गात 'वीस सात' म्हणतेस?

भाची : म्हणते की. आधी वीस सात, मग सत्तावीस.

मामा : मग उद्या तुझं पोरगं आठवडे बाजारात 'तीस पाच रुपये किलो' म्हणणार. अगं, 'पाचपन्नास माणसं आली' म्हटलं की आपल्याला अंदाज लागतो. कोणी 'पन्नास पाच आली' म्हणाला तर काय समजायचं? भाषेला एक घडण असते. ती समितीत बसून बदलत नाही.

भाची : बाजारात गेल्यावर ते पस्तीसच म्हणतंय, मामा. त्याच्या घरचे, गल्लीतले सगळे तेच म्हणतात. बाजाराची काळजी मला नाही. माझी अडचण त्याच्या आधीची आहे. मी 'सत्तावीस लिहा' म्हणते आणि पाट्या बघत फिरते, तर जागोजाग ७२. पोरांचं तरी काय चुकतं? कानावर आधी 'सत्ता' पडतो, तर आधी सात लिहितात. मग उरलेला वीसचा दोन.

मामा : माझ्याही वर्गात लिहायचे. चार दिवस चुकायचे, मग बसायचं डोक्यात.

भाची : सगळ्यांच्या?

मामा : ज्यांच्या बसत नव्हतं त्यांना… बरं, पुढे बोल.

भाची : पुढे गंमत आहे. 'दोनशे सत्तावीस' म्हणा. आधी शतक, मग एकक, मग दशक. हजार, शंभर हे सगळं मोठ्याकडून लहानाकडे शिस्तीत येतं आणि शेवटच्या दोन घरांत गाडी उलटी फिरते. लिहायचं मात्र सरळ. तुम्हाआम्हाला हे जाणवत नाही, कारण आपण वर्षानुवर्षं तेच करतोय. सात वर्षांच्या पोराला जाणवतं, पण त्याला ते सांगता येत नाही. ते फक्त चुकतं आणि आपण लाल फुली मारतो.

मामा : आणि एकोणतीस? त्यात तर बिनपैशाची वजाबाकी आहे. तिसाला एक कमी. किती सुंदर नाव.

भाची : सुंदर आहे, पण ते तुम्हाला. पोराला 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ते नऊ लिहून त्याच्या आधी तीन ठोकतं. झाले एकोणचाळीस! बरं, नियम पकडून ते शेवटपर्यंत गेलं तर नव्व्याण्णवला पुन्हा आपटतं. तिथे एकोणशंभर हवं होतं ना? त्यात त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. दुसरीत अजून जोडाक्षरंच चाललेली असतात. गणिताच्या तासाला पोरगं आकड्याशी झुंजतंय की अक्षराशी, हेच कळत नाही.

इथे थोडं बाहेर डोकावतो, कारण २०१९च्या गदारोळात हा प्रश्न फक्त मराठीचा आहे असा समज झाला होता. कन्नड, तेलुगू, तमिळ या आपल्या शेजारच्या भाषा दशक आधी म्हणतात. चिनी आणि जपानीत तर 'दोन दहा सात' इतकं उघडं नाव असतं. हिंदी-गुजराती आपल्यासारख्या. जर्मनही आपल्यासारखी: 'सात आणि वीस'. जर्मन भाषक मुलं याच उलटापालटीमुळे संख्या चुकीच्या लिहितात, यावर तिकडे बराच अभ्यास झालेला आहे आणि दशक आधी म्हणा असा आग्रह धरणारी एक संस्थाही आहे. देशाने तिचं ऐकलेलं नाही. नॉर्वेने मात्र संसदेत निर्णय घेऊन १९५१पासून 'सात आणि वीस' सोडलं आणि 'वीस सात' धरलं. त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता. नंबर सांगताना घोटाळे व्हायचे. शाळांनी आणि रेडिओने नवी रीत उचलली. तरी इतक्या वर्षांनी तिथे जुनी रीत कानावर येतेच. सरकारने ठरवलं म्हणून तोंडातली भाषा लगेच वळत नाही, हे मामांचं म्हणणं नॉर्वेही खोटं पाडत नाही. नॉर्वेची ही गोष्ट मी दोघांना सांगितली.

मामा : नॉर्वेवाले पाढे म्हणतात का ते आधी विचार. आपल्याकडे संख्येचं नाव नुसतं नाव नसतं, ते पाढ्यात बसावं लागतं. 'सत्तावीस त्रिक एक्याऐंशी.' आता तुझं म्हण.

भाची : 'वीस सात त्रिक ऐंशी एक.'

मामा : (हसून) बघ! जीभ अडखळली. आमच्या वडिलांना औटकीपर्यंत सगळं पाठ होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. अडीच रुपयाच्या सतरा वह्या म्हटल्या की दुकानदार पाटी न घेता साडेबेचाळीस सांगायचा. हे तुम्ही घोकंपट्टी म्हणून मोडीत काढलंत. सात आठे छप्पन्न ज्याला विचार करून काढावं लागतं, त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं. मग भागाकारात पुढची पायरी निसटते. पाठ असलेला पाढा पोराला मोकळं करतो. विचार करायला डोकं रिकामं लागतं ना?

भाची : पाढ्यांवर मी तुमच्या बाजूची आहे. माझ्या वर्गात रोज पाढे होतात, आणि सत्तावीस त्रिक एक्याऐंशी असेच होतात.

हा मुद्दा मामांचा, आणि तो पक्का आहे. गेल्या काही वर्षांत शिक्षणावरच्या लेखांत आणि प्रशिक्षणांत 'घोकंपट्टी' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. अर्थ न कळता पाठ करणं आणि कळलेलं पाठ करणं यांतला फरक त्यात वाहून गेला. पहिलं मुलाला अडवतं. दुसऱ्याशिवाय गणित पुढे सरकत नाही.

मामा : मग भांडण कशाचं?

भाची : एक पोरगी आहे माझ्याकडे. शंभरपर्यंत न अडखळता म्हणते, पाहुण्यांसमोर उभी करावी अशी. एकदा तिला विचारलं, अठ्ठावन्न मोठे की पंच्याऐंशी? म्हणाली, "बाई, दोन्ही सारखेच. दोन्हीत पाच न् आठ हायत."

मामा काही बोलले नाहीत. अशा मुली-मुलांना त्यांनीही पाहुण्यांसमोर उभं केलेलं असणार. कुठल्या शिक्षकाने केलेलं नाही?

भाची : म्हणून मी गठ्ठे काढते. दहा काड्या, एक रबर, एक गठ्ठा. दोन गठ्ठे न् सात सुट्या. आधी पोरं 'दोन दशक सात' म्हणतात, मग 'वीस सात', आणि मग मी सांगते, याला मोठी माणसं सत्तावीस म्हणतात. मग कार्डं. २०चं मोठं कार्ड, त्याच्या शून्यावर ७चं लहान कार्ड ठेवायचं. शून्य झाकलं की २७ दिसतात. कार्ड उचललं की शून्य परत दिसतं. वीस कुठे गेले नव्हते, खाली लपले होते, हे पोरांना इतकं आवडतं की ती कार्डं पंधरा दिवसांत फाटतात. खेळण्यातल्या नोटाही ठेवल्यात, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी.

मामा : गठ्ठे आमच्याही वेळी होते. आम्ही काय नुसती छडी घेऊन बसत होतो?

भाची : होते, पण कपाटात. तपासणीला बाहेर यायचे.

मामा : (तिरकसपणे) हे तुला कोणी सांगितलं?

भाची : तुमच्याच बहिणीने. बरं, आता हातच्याची वजाबाकी बघा. 'असर' सर्वेक्षणवाले गावात येतात तेव्हा तिसरीच्या पोराला तीच विचारतात. ४१ वजा १३. तुम्ही कशी शिकवायचात?

मामा : एकातून तीन जात नाहीत, शेजारच्याकडून एक उसना घे, शेजारी राहिले तीन, इकडे झाले अकरा.

भाची : उसनं घेतलेलं परत करायचं असतं, मामा. हा कधीच परत करत नाही. पोरं मला विचारतात तसं. आणि घेतला एक, झाले अकरा, हे कसं? माझ्याकडे चाळीस एक आहेत. चार गठ्ठे, एक सुटी. एक गठ्ठा सोडला की तीस अकरा झाले. त्यातून दहा तीन काढा. वीस आठ. अठ्ठावीस. इथे उसना नाही, जादू नाही. जे पोरगं 'तीस अकरा' म्हणू शकतं, ते हातच्यात चुकत नाही. 'एक्केचाळीस' या नावात ही फोड मावतच नाही.

मामा : तीस अकरा! (थांबून) हे बरं आहे. हे मला कोणी सांगितलं असतं तर…

तीस अकरा अशी संख्या बाजारात नाही, पुस्तकातही नाही. पण २०१९मध्ये ज्या वाचनाची टिंगल झाली त्याचा खरा उपयोग नेमका इथे आहे. नवं वाचन बाजारासाठी नव्हतंच, ते हिशेब मोडून बघण्यासाठी होतं. पुस्तक काढणाऱ्यांनी पालकांना हे एका पानात, उदाहरण देऊन सांगितलं असतं तर निम्मं वादळ उठलं नसतं. पालकांशी बोलणं हा आपल्या शिक्षण खात्याचा कधीच प्राधान्याचा विषय नव्हता.

मामा : तरी एक विचारतो. आमच्या वेळची पोरं काय मुळातच हुशार होती? त्यांना हे गठ्ठे-कार्डं न करता कसं आलं?

भाची : तुमच्या वेळची पोरं वर्षभर शाळेत होती. माझ्याकडच्या निम्म्या घरांतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं बरोबर. शिमग्याच्या सुमाराला परत येतात. तुमचं 'चार दिवसांत बसतं' हे रोज हजर असणाऱ्या पोरासाठी होतं. दुसरं म्हणजे ही पोरं घरी कन्नड बोलतात. घरी सत्तावीसला काय म्हणतात?

मामा : इप्पत्तेळु.

भाची : म्हणजे काय?

मामा : वीस सात. (जरा वेळाने) आयला.

भाची : त्यांच्या घरात जे सरळ आहे ते शाळेत आल्यावर मी उलटं करून देते. वीस सात ही त्या पोरांची घरचीच पायवाट आहे. तिच्यावरून सत्तावीसपर्यंत चालत जाता येतं. थेट सत्तावीसवर टाकलं की ती तिथेच बसून राहतात.

'आजच्या मुलांच्या गरजा' म्हटलं की आपल्यासमोर टॅब घेतलेला शहरी मुलगा येतो. भाचीच्या वर्गातल्या गरजा वेगळ्या आहेत: तुटक हजेरी, दोन भाषा, एक बाई आणि दोन इयत्ता. पुस्तकातल्या क्यूआर कोडचा विषय मामांनी काढला तेव्हा तिने तो एका वाक्यात संपवला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचं काम केलं, २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला, त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली, याचा तिला अभिमान आहे. पण तिच्या वस्तीवर दुपारी वीज नसते आणि पालकांचा फोन उसाच्या फडात असतो.

मामा : माझा आक्षेप पद्धतीला नाही गं. पद्धती येतात कशा, याला आहे. २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं. ज्ञानरचनावाद. साताऱ्याचं कुमठे बीट बघायला गाड्या भरून शिक्षक गेले. तिथे बायांनी खरंच काम केलं होतं. परत आल्यावर काय झालं? सगळ्या जिल्ह्यात फरशा रंगल्या. फरशीवर आकडे, फरशीवर सापशिडी, फरशीवर तक्ते. फोटो वर गेले. मग कोणी विचारलं का, त्या फरशीवर पोरं बसून काय करतात? मग २०२१ला 'निपुण' अभियान. उद्या आणखी काही. तुझी बदली झाली आणि पुढच्या बाईला वीस सात माहीतच नसलं तर? पोरगं ना धड वीस सातमध्ये, ना सत्तावीसमध्ये.

भाची : ही भीती मलाही आहे.

मामा : आणि एक. वीस सातवर रेंगाळायचं किती? दुसरी संपली, तिसरी आली, तरी वीस सातच चाललंय असं होता कामा नये. पोराने एकदा गठ्ठे बघितले, फोड कळली, की सत्तावीस तोंडात बसलंच पाहिजे. नाहीतर पाढ्याला अडतं, आणि पाढ्याला अडलं की सगळीकडे अडतं.

भाची : ते मान्य. दिवाळीपर्यंत वीस सात, पुढे फक्त गरज पडेल तिथे. जी पोरं ऊसतोडीहून परत येतात त्यांच्यासाठी पुन्हा चार-सहा दिवस गठ्ठे. आणि सत्तावीस रोज.

मामा : मग ठीक आहे. पण खरं सांगू? माझा नातू पुण्यात आहे. दुकानदाराने 'अडुसष्ट झाले' म्हटलं, तर हा माझ्या तोंडाकडे बघतो. "आबा, म्हणजे सिक्स्टी एट?" आणि त्याच्या बापाने त्या वेळी त्या पुस्तकाच्या विरोधात व्हॉट्सअपवर काय काय पाठवलं होतं! मराठी बुडाली, मराठी बुडाली.

भाची : वीस सातने बुडाली म्हणत होता ना? पोरगं घातलंय इंग्रजीत.

मामा : तेच तर.

या दोघांच्या भांडणात मला सर्वांत टोचलेला भाग हा. सेमी इंग्रजीचे वर्ग आता जिल्हा परिषदेच्या शाळांतही आहेत. तिथे गणित इंग्रजीतून चालतं आणि मुलं सरळ 'ट्वेंटी सेव्हन' म्हणतात, म्हणजे दशक आधी. नारळीकरबाईंच्या समितीने मराठीत जे सुचवलं तेच इंग्रजीत कुणाला खटकत नाही. सत्तावीस हे नाव मुलांच्या तोंडातून जात असेल तर ते वीस सातमुळे जात नाही. मराठीत गणित शिकवण्याची जिद्दच आपण सोडत चाललो आहोत, आणि त्याबद्दल सभागृहात कोणी कोटी करत नाही.

माझं मत भाचीकडे झुकतं, पण मामांची अट घालून. वीस सात वर्गात असायला हवं, कारण त्याने संख्या उघडून बघता येते. ते सत्तावीसपर्यंत पोचवणारं हवं, आणि वेळेत पोचवणारं हवं. जो शिक्षक नुसतं वीस सात म्हणून घेतो आणि गठ्ठा हातात देत नाही, त्याच्यात आणि नुसते पाढे घोकून घेणाऱ्यात मला फरक दिसत नाही.

घरात दुसरी-तिसरीतलं मूल असेल तर आज एवढं करा. त्याला शंभरपर्यंत म्हणायला लावू नका. दहाच्या नोटा आणि सुटी नाणी समोर ठेवा, त्रेसष्ट रुपये मोजून घ्यायला सांगा, आणि मग त्यातले सत्तावीस मागा. त्याने दिले तर बाई वर्गात काय म्हणतात याची चौकशी करू नका. नाही दिले, तर शाळेत जा, बाईंना भेटा, आणि गठ्ठे वर्गात आहेत की कपाटात, एवढं विचारा.